पाण्याचा हिशेब

चायनीजच्या गाडीवर फ्राइड राइस सांगितला की दोन-तीन मिनिटांत प्लेट हातात येते. घरी तोच पदार्थ करायला घेतला तर पंधरा मिनिटं परतूनही भात ओलसर राहतो, कोळंबी आक्रसून चिवट होते आणि कढईच्या तळाशी सॉसचं तपकिरी पाणी साचतं. मग दोष सॉसच्या बाटलीला दिला जातो, नाहीतर गाडीवाला काहीतरी ‘पावडर’ टाकत असणार असा संशय घेतला जातो. पावडरीचा वाटा लहान आहे, तिच्याकडे पुढे येऊ. मोठा फरक शेगडीत आहे.

घरच्या गॅसचा मोठा बर्नर साधारण दोन किलोवॉट उष्णता देतो. त्यातली निम्मी कढईत शिरते असं धरू; उरलेली कडेनं निसटून स्वयंपाकघर तापवते. म्हणजे कढईला दर सेकंदाला एक किलोज्यूल उष्णता मिळते. आता भात, कोळंबी, भाज्या आणि सॉस यांनी मिळून 100 मिलिलिटर पाणी सोडलं असं समजा. ते 25 अंशांवरून 100 अंशांपर्यंत तापवायला सुमारे 31 किलोज्यूल पुरतात. पण त्या उकळत्या पाण्याची वाफ करायला आणखी 226 किलोज्यूल लागतात. बेरीज 257. घरच्या शेगडीचा यात चार मिनिटांहून अधिक वेळ जातो, आणि तेवढा वेळ कढईतला पदार्थ 100 अंशांच्या आसपासच अडकून पडतो. पाणी आहे तोवर भात वाफेवर शिजत राहतो, परतला जातच नाही. गाडीवरची हाय-प्रेशर रेग्युलेटर लावलेली भट्टी याच्या दहा-बारा पट उष्णता देते. तिथे तेवढंच पाणी वीस-पंचवीस सेकंदांत उडून जातं.

हॉटेलच्या फ्राइड राइसला जो खरपूस वास येतो, तो पाणी उडाल्यानंतरच येतो. प्रथिनं आणि साखरा यांच्यात उष्णतेमुळे जी अभिक्रिया होते तिला फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांचं नाव आहे. त्यांनी तिचं वर्णन 1912 मध्ये प्रसिद्ध केलं. पावाची कड, भाजलेलं खोबरं, तव्यावरच्या सुरमईची खरपूस बाजू हे सगळे तिचेच उद्योग. ही अभिक्रिया साधारण 140 अंशांच्या वर वेग घेते, आणि ओलं अन्न तिथवर पोचत नाही.

घरी भट्टी आणता येत नाही. आणली तरी फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ती पेटवू नये. तेव्हा उरतो तो एकच मार्ग: गाडीवरचा आचारी कढईतलं पाणी जाळून टाकतो, आपण ते कढईत येऊच द्यायचं नाही. या प्रकरणात मासळी घातलेला फ्राइड राइस घरच्या शेगडीवर कसा जमवायचा ते पाहू, आणि प्रत्येक जिन्नसाकडून पाण्याचा हिशेब घेऊ.

उरलेल्या भाताचा जगभरचा पसारा

जिथे भात रोज शिजतो तिथे तो उरतो, आणि उरलेला भात परतण्याची रीत आपोआप निघते. आपला फोडणीचा भात त्याच कुळातला. इंडोनेशियात नासी गोरेंगमध्ये कोळंबीच्या जातीचं बारीक म्हावरं आंबवून केलेला तेरासी नावाचा गोळा आणि गोडसर सोया सॉस पडतो. थायलंडच्या खाव फातमध्ये माशांपासून केलेला खारट सॉस असतो. तिथे खेकड्याचं मांस घातलेला प्रकार विशेष आवडीचा आहे, आणि प्लेटमध्ये बाजूला काकडीच्या चकत्या व लिंबाची फोड ठरलेली.

चीनमध्ये सर्वांत गाजलेला प्रकार यांगझोऊ या शहराच्या नावानं ओळखला जातो. जिआंगसू प्रांतातलं हे शहर यांगत्से नदी आणि महाकालवा यांच्या संगमाजवळ, मिठाच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. 2015 मध्ये तिथल्या नगर प्रशासनानं या भाताचं अधिकृत प्रमाणच ठरवून दिलं. लांब दाण्याचा तांदूळ आणि अंडी हा पाया. त्याच्या जोडीला कोळंबी, हॅम, कोंबडी, मशरूम, बांबूचे कोंब, मटार, समुद्रकाकडी आणि वाळवलेल्या स्कॅलॉप शिंपल्यांचं मांस. या यादीतला ‘वाळवलेल्या’ हा शब्द लक्षात ठेवावा. चव हवी पण ओल नको, ही युक्ती यांगझोऊच्या आचाऱ्यांना ठाऊक आहे, आणि कोकणातल्या प्रत्येक घराला तर ती फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

भात कालचा का?

तांदळात पाणी साधारण बारा-चौदा टक्के असतं; शिजलेल्या भातात ते सत्तर टक्क्यांच्या जवळ जातं. शिजताना दाण्यातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात आणि साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान त्यांची घट्ट रचना मोडते. स्टार्च दोन प्रकारचं: सरळ साखळ्यांचं अमायलोज आणि फांद्या फुटलेलं अमायलोपेक्टिन. अमायलोज जास्त असेल तर भात फडफडीत होतो. कमी असेल तर चिकट. बासमतीत ते साधारण 20 ते 25 टक्के. म्हणून बासमती किंवा जुना कोलम फ्राइड राइसला चालतो, आणि आंबेमोहर किंवा इंद्रायणी चालत नाही. गरम भात, साधं वरण आणि तूप यांच्यासाठी इंद्रायणीचा जो चिकटपणा आपल्याला प्रिय आहे, तोच कढईत गोळा करून ठेवतो.

भात निवला की मोडलेल्या साखळ्या पुन्हा एकमेकींना बिलगून रांगा लावू लागतात. अमायलोजचं हे काम काही तासांतच उरकतं, अमायलोपेक्टिनचं दिवसागणिक चालतं. फ्रिजमधल्या चार-पाच अंशांना ही क्रिया सर्वांत जोरात होते. फ्रिजमधला भात कडक लागतो तो त्यामुळे. हाच भात परतायला घेतला की अमायलोपेक्टिनच्या रांगा 60 अंशांच्या आसपास विरघळतात, म्हणून दाणा आतून पुन्हा मऊ होतो. अमायलोजच्या रांगा मात्र सुमारे 150 अंशांपर्यंत टिकतात. आतून मऊ, बाहेरून अंग धरून असलेला दाणा असा तयार होतो. शिवाय रात्रभरात भाताच्या पृष्ठभागावरची ओल उडालेली असते, आणि आपल्या हिशेबात हा लाभ अधिक मोलाचा.

म्हणूनच कालचा भात नसला तरी अडत नाही. भात करताना पाणी नेहमीपेक्षा थोडं कमी घालावं, किंवा कोकणात करतात तसा भरपूर पाण्यात शिजवून वेळून घ्यावा. वेळल्यानं सुटं स्टार्च पेजेबरोबर निघून जातं. मग तो परातीत पातळ पसरून पंख्याखाली ठेवायचा. गरम भाताच्या अंगची वाफच पृष्ठभाग कोरडा करत जाते. वर झाकण ठेवलं तर तीच वाफ पाणी होऊन परत खाली पडते. पाऊण तासात दाणे हाताला कोरडे लागतात. नंतर परात फ्रिजमध्ये, शक्यतो उघडीच, तास-दोन तास.

ओट्यावरचा भात

भात रात्रभर ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. इथे एक इशारा द्यायला हवा. बॅसिलस सेरेअस नावाचा जिवाणू मातीत सर्वत्र असतो, आणि त्याचे बीजाणू तांदळाबरोबर घरात येतात. भात शिजवल्यानं हे बीजाणू मरत नाहीत. कोमट, ओल्या भातात ते जागे होतात, वाढतात आणि सेरुलाइड नावाचं विष तयार करतात. हे विष 121 अंशांवर दीड तास तापवलं तरी टिकतं. त्यामुळे ‘चांगला खरपूस परतला की झालं’ हा दिलासा खोटा ठरतो: परतताना जिवाणू मरतात, विष राहतं. खाल्ल्यावर साधारण एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. 1970च्या दशकात ब्रिटनमध्ये चिनी उपाहारगृहांतल्या फ्राइड राइसमधून झालेल्या विषबाधांच्या तपासातून हा प्रकार उजेडात आला. तिथे आचारी भात ढिगानं शिजवून बाहेरच ठेवत, कारण गार झालेला भात गोळा होतो अशी त्यांची अडचण होती.

ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला साधा आहे. भात शिजल्यापासून तासाभरात थंड करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि 24 तासांच्या आत संपवावा. मुंबई-कोकणाच्या दमट हवेत तर हे काटेकोर पाळावं. परातीत पसरण्याची रीत इथेही कामी येते. पातेल्यातला ढीग आतून कित्येक तास कोमट राहतो. पातळ थर झटकन निवतो.

कोळंबी, माकूळ, तिसऱ्या

कोळंबीच्या अंगात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणी असतं, माकुळात ऐंशी टक्क्यांच्या घरात. कच्च्या मांसात हे पाणी प्रथिनांच्या जाळीत धरलेलं असतं. उष्णतेनं जाळी आवळते आणि पाणी बाहेर पिळलं जातं. माशांची प्रथिनं मटणाच्या मानानं कमी उष्णतेला आवळतात, म्हणून मिनिटभराच्या फरकानं कोळंबी रसाळची चिवट होते. अडीचशे ग्रॅम कोळंबी गरजेपेक्षा जास्त शिजली तर वजनाच्या पाव हिश्शापर्यंत पाणी सोडू शकते. तेवढंच पाणी भातात जातं, आणि त्या एका चुकीत दोन जिन्नस बिघडतात.

शिजल्याची खूण रंगात आहे. कोळंबीच्या अंगात अस्टाझँथिन नावाचं लालसर रंगद्रव्य आधीपासून असतं. जिवंतपणी ते एका प्रथिनाला बांधलेलं असल्यामुळे करडं-निळसर दिसतं. उष्णतेनं प्रथिनाची घडी मोडली की रंग मोकळा होतो. सोललेली कोळंबी पाठीच्या जाड भागात मध्यभागी किंचित पारदर्शक असतानाच कढईतून काढायची. उरलेलं शिजणं ताटलीत तिच्या स्वतःच्या उष्णतेवर होतं, आणि पुढे भातात परत टाकल्यावर पुरं होतं.

बाजारात डोकं घट्ट चिकटलेली, अंगाला ताठ, वासाला समुद्राची अशी कोळंबी घ्यावी. नाकात झोंबणारा अमोनियासारखा वास आला तर पुढच्या टोपलीकडे जावं. समुद्री माशांच्या अंगात एक निर्गंध द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, आणि उग्र ‘मासळीचा वास’ म्हणतो तो याचाच. हे द्रव्य अल्कधर्मी असल्यामुळे लिंबाच्या किंवा कोकमाच्या आंबटानं दबतं. पण आंबट आधी लावून ठेवलं तर प्रथिनं तिथेच आवळू लागतात, म्हणून फ्राइड राइसमध्ये लिंबू ताटात पिळावं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, तेव्हा बहुतेक घरांत गोठवलेली कोळंबी येते. तिच्याकडून पाण्याचा हिशेब जास्त कडकपणे घ्यावा लागतो. तिच्यावर बर्फाचं कवच असतं, आणि काही वेळा पाणी धरून ठेवण्यासाठी फॉस्फेटही लावलेलं असतं; ते पाणी नंतर कढईत सुटतं. पाकीट आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं, सुटलेलं पाणी टाकावं आणि कोळंबी सुती फडक्यात गुंडाळून हलकी दाबून घ्यावी.

इथे चिनी आचाऱ्यांची एक युक्ती उपयोगी पडते. पाव किलो सोललेल्या कोळंबीला चिमूटभर मीठ आणि पाव चमचा खाण्याचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवायची, मग धुऊन अगदी कोरडी करायची. सोड्यानं मांस अल्कधर्मी होतं, प्रथिनं एकमेकांना दूर ढकलतात आणि जाळी कमी आवळते. पाणी आत राहतं, कोळंबी दाताखाली करकरीत लागते. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, एवढं सांभाळावं.

माकुळाचा नियम वेगळा आणि सोपा आहे: दीड मिनिटाच्या आत किंवा अर्ध्या तासाच्या पुढे. त्याच्या नळीत कोलॅजनचे आडवे-उभे थर असतात. थोडक्यात शिजवलं तर ते आवळायच्या आत आपण मोकळे होतो. बराच वेळ शिजवलं तर ते विरघळून मऊ होतात. मधल्या वेळात मात्र चावून जबडा दुखतो. फ्राइड राइससाठी अर्थातच पहिला मार्ग, तोही पातळ चकत्या करून.

तिसऱ्या कढईत कधीच उघडू नयेत. त्या वेगळ्या पातेल्यात, झाकण ठेवून, स्वतःच्याच पाण्यात वाफवाव्या. तीन-चार मिनिटांत शिंपा उघडतात. मांस काढून भातासाठी ठेवायचं, आणि खाली उरलेलं खारट, दुधी पाणी रेती राहणार नाही असं वरवर गाळून घ्यायचं. या पाण्याचं काय करायचं ते पुढे येईल. भातात ते घालायचं नाही एवढं इथे नक्की.

सुरमई किंवा रावस चालतो, पण तुकडे वेगळे तळून अगदी शेवटी वर ठेवावे. पापलेट परतताना मोडतं. आणि बोंबलाचा मोह टाळावा. ओल्या बोंबलाच्या अंगी इतकं पाणी असतं की तळण्यापूर्वी कोळणी तो पाट्याखाली दाबून ठेवायला सांगतात. तो इथे आला तर हिशेब लागणारच नाही.

चव आणा, ओल नको

घरी भाताला चव येत नाही म्हणून आपण सॉस वाढवतो. सोया सॉसमध्ये साधारण सहावा हिस्सा मीठ असतं आणि उरलेलं बहुतांश पाणी. दोन चमच्यांचे पाच चमचे झाले की भात खारट, काळा आणि ओला असा तिन्ही अंगांनी बिघडतो. चव आणायचे कोरडे मार्ग दोन आहेत, आणि दोन्ही आपल्या घरात आधीच असतात.

पहिला म्हणजे कोळंबीची सालं आणि डोकी, जी बहुतेक घरांत कचऱ्यात जातात. अस्टाझँथिन आणि सालातले बरेच सुगंध तेलात विरघळतात, पाण्यात नाही. सालं धुऊन, कोरडी करून पाच-सहा चमचे तेलात मंद आचेवर टाकावी. आधी तडतड आवाज येतो, तो पाण्याचा. हळूहळू आवाज मंदावतो, सालं कुरकुरीत होतात आणि तेल नारिंगी होत जातं. आठ-दहा मिनिटांनी डोकी उलथण्यानं दाबून गाळून घ्यावं. या तेलात भात परतला की प्रत्येक दाण्याला कोळंबीची चव लागते, आणि पाण्याचा एक थेंबही वाढत नाही.

दुसरा म्हणजे सोडे. पावसाळ्याच्या बेगमीला उन्हात वाळवलेली ही सोललेली कोळंबी यांगझोऊच्या वाळवलेल्या शिंपल्यांचंच काम करते. मूठभर सोडे कोरडे भाजून, भरड कुटून लसणाबरोबर तेलात टाकले की पुरे. हातात फक्त जवळा असला तरी चालेल, पण तो आधी नीट निवडून घ्यावा, नाहीतर रेती दाताखाली येते.

आता ती पावडर. 1908 मध्ये टोकियोतले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी कोम्बू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेट वेगळं केलं आणि त्याच्या चवीला उमामी हे नाव दिलं. अजिनोमोटो म्हणून आपल्याकडे बदनाम झालेली पांढरी पूड म्हणजे या ग्लुटामेटचा सोडियम क्षार. तोच ग्लुटामेट सोया सॉसमध्ये, टोमॅटोत आणि मशरूममध्येही असतो. मांस-मासळीत न्यूक्लिओटाइड नावाची द्रव्यं असतात, आणि दोन्ही एकत्र आली की चव नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी वाढते. म्हणजे सोया सॉस आणि सोडे एका कढईत पडले की पावडरीचं काम झालंच. चिमूटभर घातली तर बिघडत नाही, पण ती पाणचट भाताला वाचवू शकत नाही.

कढई, आणि हातातला झटका

लोखंडी किंवा बिडाची कढई यासाठी उत्तम. ती जाड असते, उष्णता साठवून ठेवते, आणि थंड भात पडल्यावर एकदम निवत नाही. वापरून वापरून तेलाचा काळा थर चढलेली असेल तर भात चिकटत नाही. नॉनस्टिक पॅन रिकामं ठेवून धूर निघेपर्यंत तापवू नये. त्याचा लेप 260 अंशांच्या पुढे खराब होऊ लागतो. तेल रिफाइंड शेंगदाण्याचं किंवा राइस ब्रानचं घ्यावं. घाण्याचं तेल वासाला छान, पण लवकर धुरावतं.

हॉटेलातला आचारी कढई हवेत झटकतो ते पाहून अनेकांना घरी तसं करावंसं वाटतं. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या हुंगतांग को आणि डेव्हिड हू यांनी या झटक्याचा अभ्यास करून 2020 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. आचारी कढई शेगडीच्या कडेवर टेकवून एकाच वेळी पुढे-मागे सरकवतो आणि झोका दिल्यासारखी कलवतो, असं त्यांना चित्रीकरणात दिसलं. हे सेकंदाला जवळजवळ तीन वेळा घडतं. दाणा क्षणभर प्रखर धातूला लागतो, क्षणभर हवेत निवतो, म्हणून करपत नाही. या कामानं आचाऱ्यांचे खांदे दुखावतात हीच अभ्यासामागची एक प्रेरणा होती.

घरी हे करण्याचं कारणच नाही. झटका हवा तो प्रचंड जाळापासून भात वाचवायला, आणि आपल्याकडे जाळ कमी आहे. कढई शेगडीवरून उचलली की तेवढा वेळ तीही उष्णता वाया. घरी उलट करावं: भात कढईभर पसरून अर्धं मिनिट हात न लावता राहू द्यावा, मग उलथण्यानं खालून वर काढून पुन्हा पसरावा.

संध्याकाळचा बेत

चार माणसांसाठी: दोन वाट्या बासमतीचा निवलेला भात, सोलून पाव किलो भरेल एवढी कोळंबी (बाजारातून जवळजवळ अर्धा किलो आणावी लागते), एक मध्यम माकूळ, तिसऱ्यांचा एक वाटा, चार अंडी, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, बोटभर आलं, दोन हिरव्या मिरच्या, एक गाजर, मूठभर फरसबी, पातीच्या कांद्याची एक जुडी, मूठभर सोडे, तीन छोटे चमचे सोया सॉस, पांढरी मिरी. कोबी आणि ढोबळी मिरची पाणी सोडतात, म्हणून कमी किंवा नाहीच. भाज्या बारीक आणि सारख्या चिराव्या.

हे सगळं एका वेळी कढईत घालायचं नाही. दोन घाणे करायचे. घरच्या शेगडीला दोन माणसांपुरता भात पेलतो. चार माणसांचा घातला की कढई निवते आणि पुन्हा वाफेचा खेळ सुरू होतो. खालचा क्रम एका घाण्याचा आहे, म्हणजे प्रत्येक जिन्नस निम्मा.

सर्व चिरून, मोजून, वाट्यांत भरून हाताशी ठेवावं. भाताचे गोळे हाताला तेल लावून सोडवून घ्यावे. कढई मोठ्या आचेवर हलका धूर येईपर्यंत तापवावी. चमचाभर तेल, त्यावर फेटलेली दोन अंडी. फुगली की सैलसरच काढून घ्यावी. अंड्यात पाणी पुष्कळ असतं, पण ते गोठताना प्रथिनांत अडकतं, म्हणून हिशेबात धरलं नाही तरी चालतं.

पुन्हा थोडं तेल. कोरडी कोळंबी एका थरात, एकमेकींना न चिकटता. पाऊण मिनिट हलवू नये. खालची बाजू लालसर झाली की उलटून आणखी अर्धं मिनिट, आणि बाहेर. मग माकुळाच्या चकत्या, मिनिटभर, आणि बाहेर. ताटलीत जमलेलं पाणी कढईत परत घालू नये.

कढई पुसून पुन्हा कडक तापवावी. सालांचं नारिंगी तेल दीड-दोन मोठे चमचे. लसूण, आलं, मिरची, सोडे, पातीच्या कांद्याचा पांढरा भाग. पंधरा-वीस सेकंदांत वास सुटतो. गाजर-फरसबी, एक मिनिट. आता भात. पसरा, थांबा, उलटा. असं तीन-चार मिनिटं. कानाकडे लक्ष असू द्यावं. सुरुवातीचा सूंऽऽ असा दबका आवाज वाफेचा. तो बदलून कोरडी तडतड ऐकू आली आणि काही दाणे कढईत उड्या मारू लागले की पाणी सरलं असं समजावं.

सॉस त्यानंतरच, आणि भातावर ओतायचा नाही. कढईच्या उघड्या, तापलेल्या कडेवरून गोल फिरवायचा. तिथे त्यातलं पाणी लगेच उडतं, साखर किंचित करपते, आणि हॉटेलच्या वासाच्या सर्वांत जवळ आपण जातो ते या क्षणी. मीठ चाखून, पांढरी मिरी, मग कोळंबी, माकूळ, तिसऱ्यांचं मांस, अंडं आणि हिरवी पात. अर्धं मिनिट वरखाली करून गॅस बंद.

तिसऱ्यांचं गाळलेलं पाणी आणि ताटल्यांत उरलेला कोळंबीचा रस आता उपयोगी येतो. त्यात तेवढंच साधं पाणी, आल्याची चकती, मिरी आणि थोडी पात घालून एक उकळी आणली की पातळ, खारट, गरम सूप तयार. त्यात मीठ घालण्याआधी चाखावं. बहुतेक वेळा लागत नाही. बाजूला काकडीच्या चकत्या आणि लिंबू. पहिला घाणा मुलांना आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना लगेच वाढावा, दुसरा उरलेल्यांना. दोन्ही एकत्र झाकून ठेवले तर झाकणाखालची वाफ सगळी मेहनत ओली करते. आणि उरलाच तर हा भात तिसऱ्यांदा गरम करण्यासाठी ठेवू नये. कालचा भात, त्यात मासळी, इतकी मुदत पुरे.

उलटा हिशेब

याच कोळंबीचा आणि तांदळाचा आणखी एक पदार्थ आपल्याकडे आहे, आणि सीकेपी घरांनी तो नावारूपाला आणला आहे. कोळंबी भातात कांदा परतला जातो, हळद-तिखट-आलं-लसूण लावलेली कोळंबी त्यात पडते, मग धुऊन निथळलेला कच्चा तांदूळ, आधणाचं पाणी, काही घरांत नारळाचं दूध, आणि वर घट्ट झाकण. इथे कोळंबीनं सोडलेला प्रत्येक थेंब हवा असतो, कारण कच्चा तांदूळ तो पिऊन घेतो. कोळंबी थोडी घट्ट होते, तिचा रस भातात जातो, आणि हा सौदा खाणाऱ्यांना मान्य असतो. चिकट तांदूळही तिथे गुण ठरतो. सालं उकळून काढलेलं पाणी जे फ्राइड राइसला बुडवेल, तेच तिथे आधण म्हणून घालावं.

तेव्हा संध्याकाळी कोळंबी घेऊन घरी पोचल्यावर आधी फ्रिज उघडून पाहावा. निवलेला, मोकळा भात असेल तर कढई तापवावी. नसेल, आणि जेवायला तासभरच उरला असेल, तर गरम भाताशी झुंज घेऊ नये. तांदूळ धुवावा, आधण ठेवावं आणि कोळंबी भात करावा.